सातव्या पानावरची दिलगिरी

६ मे, सोमवार

आज दिवसभर पत्रकारितेचं भवितव्य ऐकलं. ते बंदराजवळच्या हॉटेलात, गारठवणाऱ्या खोलीत ठेवलं होतं. सांगणारा कॅनबेराहून आलेला, तिशीही न गाठलेला, पायात बूट आणि आत मोजे नाहीत. त्याच्या तोंडून 'वाचक' हा शब्द एकदाही निघाला नाही. तो 'वापरकर्ता' म्हणतो. बातमीला 'आशय' म्हणतो. तीस वर्षं मी आमच्या बेटाच्या राजधानीत, आपियात, बातम्या लिहितोय, आणि आज समजलं की मी वापरकर्त्यांना आशय पुरवत होतो. आई आज असती तर तिने त्याला आधी मोजे दिले असते.

शेवटी प्रत्येकाला एक पिवळी चिठ्ठी दिली आणि 'माझं स्वप्न' लिहून भिंतीला चिकटवायला सांगितलं. मी लिहिलं, 'माशात मीठ कमी होतं.' त्याने ते मोठ्याने वाचलं आणि म्हणाला, "वा, प्रामाणिक प्रतिसाद!" या माणसाच्या हातात आमचं भवितव्य आहे.

संध्याकाळी ओटोने बोलावलं. ओटो आमचा मालक. त्याचा मूळ धंदा लाकूड आणि पत्रे. 'ले आसो' साप्ताहिक त्याला सासऱ्याकडून मिळालं, तेही बहुधा कुणी दुसरं घेईना म्हणून. खिळे मोजता मोजता म्हणाला, "फालानिको, मे संपेपर्यंत बघतो. खप वाढला तर ठीक. नाहीतर जूनपासून कागद बंद, सगळं फोनवर."

"फोनवर कोण लिहिणार?"

"तुझी भाची आहे की. सिएनी. तिच्या पानावर जत्रा असते म्हणतात."

मी बाहेर पडलो. दुकानातल्या पोरांनी मला पत्रे बघायला आलेलं गिऱ्हाईक समजून भाव सांगितला.

९ मे

सिएनीबद्दल एकदा लिहून टाकतो, म्हणजे रोज लिहावं लागणार नाही. ही माझ्या बहिणीची, पेताची मुलगी. आम्ही तिघं एकाच घरात राहतो, त्यामुळे तिची पत्रकारिता मला सकाळच्या कोकोसोबत मिळते. पत्रकारिता म्हणजे काय, तर फोन हातात धरायचा. लग्न असो, बस उलटलेली असो, मयत असो, ही फोन धरते आणि ऑकलंड, सिडनी, कुठकुठल्या गावचे आमचे लोक तोंड वासून बघतात, खाली रडणारे पिवळे गोल चेहरे पाठवतात.

काल एका अंत्यसंस्काराला अकरा हजार माणसं होती म्हणे. चर्चमध्ये साठ, बाकी फोनमध्ये.

मी म्हटलं, "मयताच्या तोंडावर फोन धरताना तुला काही वाटत नाही?"

"मामा, तिचा मुलगा ऑकलंडला आहे. तिकीट मिळालं नाही त्याला. आईचा चेहरा दाखवशील का म्हणाला. मी आधी घरच्यांना विचारलं. ते हो म्हणाले, मग दाखवला."

"परवानगी मागतो तो लग्नातला फोटोग्राफर. बातमीदार मागत नाही."

"बरं मामा," म्हणाली आणि माझी बशी उचलून घेऊन गेली. वाद घालायची ताकद नसली की ही पिढी बश्या उचलते.

११ मे, शनिवार

मला उपाय सापडला आहे. लोकांना फोनमध्ये सगळं दिसतं, पण जुनं काही दिसत नाही. जुनं फक्त म्हाताऱ्यांच्या डोक्यात असतं, आणि म्हातारे फोनवाल्यांशी बोलत नाहीत. म्हणून एक लेखमाला सुरू करतो, गावागावांतल्या विसरलेल्या गोष्टींची. पहिलीच गोष्ट हाती लागली, आणि काय गोष्ट!

आज वाइपुला गावी फुआतिनो मावशीकडे गेलो होतो; नात्याची नव्हे, मानलेली मावशी. आई आजारी असताना सहा ते अकरा वर्षांचा होईपर्यंत मी तिच्याच हातचं खाल्लं. आता ती चौऱ्याऐंशीची आहे, दात दोन, पण चटई अजून स्वतः विणते. तिचा पुतण्या तुइमाउगा गावातला मोठा सरदार, चर्चमधला मोठा माणूस, बोलतो हळू आणि चालतो त्याहून हळू. त्याच्याच घरात ती राहते.

ती विणत होती, मी पानं सरळ करून देत होतो. बोलता बोलता तिने आपल्या आजोबांची गोष्ट सांगितली. घराण्यातल्या एका बाईची तान्ही मुलगी गेली होती. बाई महिनाभर रोज किनाऱ्यावर जाऊन बसायची, दूध वाहून जायचं. एके पहाटे वादळातून भरकटलेली होडी लागली; आत माणसं मेलेली, एक मूल जिवंत. बाईने ते उचललं आणि छातीला लावलं. कुणाचं, कुठल्या बेटाचं, कुणीही विचारलं नाही. तेच मूल पुढे घराण्याचा सरदार झालं, आणि तुइमाउगा ही पदवी त्यालाच मिळाली. मावशी सांगताना रडली आणि हसलीही.

मग म्हणाली, "हे घरातलं आहे हं, फाला. तू घरातला म्हणून."

मी मान हलवली. मान हलवली म्हणजे वचन दिलं असं नव्हे.

१५ मे

लेख तयार झाला. दुसऱ्याची वंशावळ चारचौघांत उघडायची नाही, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही आहे. त्यापायी पूर्वी गावं पेटली आहेत. पण वर्तमानपत्र म्हणजे चारचौघं नव्हेत. शिवाय मी सगळं मानाच्या भाषेत लिहिलंय, सरदारापुढे बोलतात तशा. सिएनीच्या फोनला मानाची भाषा माहीत तरी आहे का?

मथळा ओटोने मागितला तसा दिला: 'तुइमाउगा घराण्यात रक्त कुणाचं?' बाईची आणि दुधाची गोष्ट चौथ्या स्तंभात आहे. जागा कमी पडली म्हणून थोडी कापली.

१७ मे, शुक्रवार

अंक निघाला. बाजारापाशी विकणारा सोलोमोना म्हणतो, दुपारपर्यंत निम्मे संपले. एरवी बुधवारी त्याच्याकडून तेच गठ्ठे परत येतात आणि मासेवाल्या ते मोफत नेतात. ओटोनेही फोन केला: "लोक बोलताहेत." मी म्हटलं, "वाचताहेत, ओटो. बोलण्याआधी वाचताहेत."

पेता दिवसभर माझ्याशी बोलली नाही. तिचे गुडघे दुखत असतील.

१८ मे

कुणीतरी माझ्या लेखाचा फोटो काढून फोनवर टाकलाय. ऑकलंडपर्यंत पोचला. मुद्रितशोधनाचा गंध नसलेले लोक खाली मला शिव्या देताहेत. सिएनी म्हणाली, "मामा, मी नाही टाकला. मी लोकांना तो काढून टाकायला सांगत होते, पण आता आवरत नाही." हिला काय वाटतं, मी घाबरलो? उलट आज तीस वर्षांत पहिल्यांदा माझी बातमी समुद्र ओलांडून गेली.

२० मे, सोमवार

सकाळी दारात पिकअप थांबला. मावशी उतरली. एक गाठोडं, एक अर्धी विणलेली चटई. चालकाने तिला हात धरून उतरवलं आणि तो आमच्याकडे न बघता निघून गेला.

तुइमाउगाने तिला घराबाहेर काढलं. घरातलं बोलणं बाहेर नेलं म्हणून. गावच्या सभेनेही मान डोलावली. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला! आणि हे लोक चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसतात. मला मनस्वी किळस आली. ताबडतोब अग्रलेख लिहायला बसलो: 'सरंजामी वृत्तीचा निषेध.'

पेताने कागद माझ्या हातातून काढून घेतला. "निषेध राहू दे. तिला आंघोळीचं पाणी काढ."

मी पाणी काढलं. मावशी मला एक शब्दही वाईट बोलली नाही. खायला दिलं ते खाल्लं. मग पेताला म्हणाली, "इथे मेले तर मला कुठे पुरणार गं? माझी जागा तिथं अंगणात आहे. बहिणीच्या शेजारी. तिला सांगून ठेवलंय मी येते म्हणून."

आमच्या अंगणातही जागा आहे, मी म्हटलं. दोघींनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी परदेशी आहे.

२२ मे

घरात रोज तोच विषय. पेताचं म्हणणं, ईफोगा करायचा. म्हणजे पहाटे तुइमाउगाच्या दारात जायचं, गुडघे टेकायचे, डोक्यावरून घराण्याची उंची चटई पांघरायची आणि तो चटई उचलेपर्यंत तसंच बसायचं. उचलली तर माफी. नाही उचलली तर त्याच्या मनात येईल ते. खून, बाईची बेअब्रू, अशा गोष्टींसाठी ही रीत आहे. एका लेखासाठी? मग उद्या प्रूफं तपासायलाही चटई घेऊन बसायचं का?

"लेखात एक वाक्य खोटं दाखव," मी म्हटलं.

"खोटं म्हणतंय कोण?" पेता म्हणाली. "तुझं नव्हतं ते सांगायला. तिचंही नव्हतं, पण तिने पोरगा समजून सांगितलं. तू घरचा कर्ता आहेस. तू बसशील तर ती घरी जाईल."

"वर्तमानपत्रात चूक झाली तर त्याची रीत वर्तमानपत्रात असते, ताई. मी दिलगिरी छापतो."

"छाप," म्हणाली.

तिच्या आवाजात मला तिरस्कार ऐकू आला. मोठी बहीण आहे, आमच्यात बहिणीचा शब्द खाली पडू देत नाहीत, म्हणून ऐकून घेतलं. पण वैचारिकदृष्ट्या मी ठाम आहे.

२४ मे, शुक्रवार

दिलगिरी छापली. सातवं पान, टायरच्या जाहिरातीखाली, चर्चच्या सोडतीच्या वर. 'गेल्या अंकातील एका मजकुरामुळे कुणाच्या भावना अनवधानाने दुखावल्या गेल्या असल्यास आम्ही दिलगीर आहोत.' नेमकं, संयत, जगभर चालतं असं वाक्य. कॅनबेराच्या त्या बिनमोज्याच्या पोरालाही यात खोट काढता आली नसती.

मावशीला वाचून दाखवलं. तिने विचारलं, "हे कुणी लिहिलं?"

"मीच."

"मग 'आम्ही' कोण?"

म्हाताऱ्या माणसांना वृत्तपत्रीय भाषा समजावणं कठीण असतं.

२७ मे

तुइमाउगाकडून काहीच नाही. टायर मात्र दोन विकले गेले, दुकानदाराने सांगितलं.

मावशी खात नाही. कोको घेते, तारोचा अर्धा कंद खाते आणि दाराकडे तोंड करून बसते. अर्धी चटई गाठोड्यातच आहे; विचारलं तर म्हणते, ती तिथल्या पानांची आहे, इथली पानं त्यात बसत नाहीत. रात्री तिच्या खोकल्याने मला झोप लागत नाही. मला वाईट वाटतंय, हे मी इथे लिहू शकतो कारण इथे कुणी वाचत नाही. पण वाईट वाटणं वेगळं आणि चूक असणं वेगळं.

आज सिएनी माझ्या खोलीत आली. दार लावून घेतलं.

"मामा, तू चल. मी आणि आई तुझ्या दोन बाजूंना बसू. तुला एक शब्द बोलावा लागणार नाही."

"आणि तुझा फोन समोर ठेवू, अं? 'थेट प्रक्षेपण, मामा चटईखाली.' अकरा हजारांचे वीस हजार होतील."

ती खाटेच्या कडेवर बसली. मग म्हणाली, "लहानपणी मी तुझ्या टेबलाखाली बसायचे. तू फोनवर बातम्या घ्यायचास. प्रत्येकाला शेवटी विचारायचास, 'हे छापलं तर तुम्हाला त्रास नाही ना होणार?' मला वाटायचं मोठं झाल्यावर आपणही हेच विचारायचं."

तेव्हा माझी उमेदवारी चालू होती. उमेदवारीत माणूस काहीबाही विचारतो.

३० मे, गुरुवार

सगळं घडलं तसं लिहितो, कारण आजचा दिवस ऐतिहासिक आहे आणि त्याची नोंद करणारा मी एकटाच आहे.

पहाटे अंधारात जाग आली. पेता, सिएनी आणि मावशी घरात नव्हत्या. पेताने पेटीतली आजीची चटई काढलेली. पेटी उघडीच होती. ती चटई आमच्या घराण्यात चार पिढ्या आहे, लग्नातही बाहेर निघत नाही. सिएनीचा फोन जेवणाच्या टेबलावर पडलेला, सारखा थरथरत होता. घाईत विसरली असणार. ही म्हणे नव्या युगाची बातमीदार.

मी कॅमेरा घेतला आणि टॅक्सीने वाइपुलाला गेलो. कुटुंबातला माणूस म्हणून नव्हे, वार्ताहर म्हणून. हे मी टॅक्सीतच स्वतःशी स्पष्ट केलं होतं.

तुइमाउगाच्या घरासमोर, मोकळ्या गवतावर, ती चटई होती. तिच्याखाली दोन आकार. पेताला गुडघ्यांवर पाच मिनिटंसुद्धा बसवत नाही. रस्त्याच्या कडेला चुलतभावाच्या पिकअपमध्ये मावशी बसलेली, हात मांडीवर. मी रस्त्यापलीकडे फणसाच्या झाडाखाली उभा राहिलो. तिने मला पाहिलं असावं. मी मान हलवली, तिने नाही.

घरात माणसं जागी होती. कुणी बाहेर आलं नाही. सूर्य वर आला. कुत्री येऊन चटई हुंगून गेली. शाळेची पोरं गप्प होऊन लांबून वळसा घालून गेली. एकदा चटई एका बाजूला कलली, पेताच्या बाजूला, आणि दुसऱ्या बाजूने एक हात सरकला आणि ती परत सरळ झाली. मी कॅमेरा डोळ्याला लावला. मी फोटो काढला. मग दुसरा काढला.

उन्हं चांगली चढल्यावर तुइमाउगा बाहेर आला. एकटा, नेहमीसारखा हळू. चटईपाशी उभा राहिला. मग वाकून त्याने स्वतःच्या हातांनी ती उचलली आणि पेताला उठवू लागला. तिला उठता येईना, तर तोच तिच्यासमोर गवतावर बसला. दोघंही रडत होते. त्याने काहीतरी विचारलं. पेताने मान हलवली. सिएनीने हात जोडले आणि काहीतरी सांगितलं. मला ऐकू आलं नाही, अंतर फार होतं.

मग पिकअपमधून मावशीला उतरवून घरात नेलं. तिने उंबऱ्याशी चपला काढल्या आणि कुणाचा आधार न घेता आत गेली.

मीच एकटा बाहेर होतो. टॅक्सीवाला म्हणाला, "साहेब, तुमच्यापैकीच कुणी होतं का?" मी म्हटलं, मी वर्तमानपत्रातून आलोय.

रात्रीत छपाई. पहिलं पान बदललं. फोटो चार स्तंभांत: गवत, चटई, तिच्याखाली दोन आकार. नाव एकाचंही दिलं नाही, माझीही काही सभ्यता आहे. मथळा: 'शरणागती.' असा फोटो या देशात कुणी छापला नसेल. सिएनीच्या फोनवर आज काहीच नाही. रिकामं पान. जिथे खरी बातमी होती, तिथे सिएनी स्वतःच चटईखाली होती.

३१ मे, शुक्रवार

अंक संपला!

खरंच संपला. सकाळी साडेसातला सोलोमोनाकडे गेलो तर गठ्ठाच नाही. म्हणाला, "दिवस उजाडायच्या आत एक पोरगी आली, सगळे घेऊन गेली. रोख." पुढच्या दोन दुकानांतही तेच. पेट्रोलपंपावर तेच. बंदरावर तेच. एका अंकासाठी लोक अंधारात फिरताहेत. नातेवाइकांना पाठवायला घेतले असणार, ऑकलंडला अशा गोष्टींची भूक असते.

ओटोला फोन केला. पलीकडे खिळ्यांचा आवाज थांबला. मग म्हणाला, "सगळे?" मी म्हटलं, "सगळे. छाप पुन्हा." तो म्हणाला, उद्या स्वातंत्र्यदिन, यंत्रावरची माणसं सुट्टीवर, पण पुढच्या आठवड्यापासून छपाई वाढवू. कागद चालू! मी त्याच्या दुकानात गेलो असतो तर त्याने मला खिळ्यांचं पाकीट भेट दिलं असतं.

घरी आलो तर सिएनी नुकतीच बाहेरून येत होती. डोळे सुजलेले, चेहरा पांढरा, हात कोपरापर्यंत काळे.

"रात्रभर कुठे होतीस? फोनवर?"

"मामा, हात धुऊन येते," म्हणाली. आणि तशीच झोपली.

अंक संपला हे तिला सांगितलं. डोळे न उघडता म्हणाली, "कळलं मला." मत्सर माणसाचं तोंड कसं कडू करतो बघा.

१ जून

संचलन पाहिलं. ओळखीच्या तिघांनी फोटोबद्दल एक शब्द काढला नाही. अंकच मिळाला नसणार बिचाऱ्यांना.

२ जून, रविवार

आज पेताने चर्चच्या आधी मागच्या अंगणात दगडांची भट्टी लावली, रविवारच्या जेवणाची. गुडघे अजून सुजलेले, तरी खाली बसून जाळ करत होती. मी तारो सोलून द्यायला गेलो. नारळाच्या करवंट्यांखाली गठ्ठे होते. सुतळीसुद्धा सोडलेली नव्हती. वरच्या अंकावर गवत, चटई, दोन आकार.

पेताने एक गठ्ठा खाली सरकवला आणि काडी ओढली.

मी विचारलं, "किती आहेत?"

"सगळे. तिने स्वतःच्या पैशांनी घेतले. तीन गावांना फिरली. एक जरी वाइपुलाला पोचला असता, तर म्हातारी पुन्हा रस्त्यावर." जाळाकडे बघतच बोलत होती. "त्याने चटई उचलल्यावर काय विचारलं माहीत आहे? 'ज्याने लिहिलं तो कुठे आहे?' तुझी भाची म्हणाली, 'आजारी आहे, त्याला माफ करा.'"

मी म्हटलं, "हा वृत्तपत्र दडपण्याचा प्रकार आहे."

खरोखर म्हटलं. माझं तोंड स्वतःहून बोलत होतं. पेताने वर पाहिलं. तिला राग आलेला नव्हता, राग यायला माणसाबद्दल काही वाटावं लागतं. ती म्हणाली, "तारो दे."

४ जून

ओटोला काही सांगितलं नाही. पुढच्या अंकासाठी त्याला दुसरी गोष्ट हवी आहे. "तुझ्या त्या म्हातारीकडे अजून असतील की." माझ्याजवळ कार्यालयीन प्रत एक उरली आहे. ती एकच आहे या जगात. असा फोटो जाळणाऱ्यांना काय कळणार त्यातलं! मावशीला कळेल. तिने तो क्षण पाहिलाय. तिला दाखवतो.

८ जून, शनिवार

वाइपुलाला जाऊन आलो. बसने.

तुइमाउगाच मला पायरीशी भेटला. मी तयारीत होतो; शब्द जुळवून ठेवले होते, भाषणस्वातंत्र्य वगैरे. त्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि विचारलं, "प्रकृती कशी आहे आता?" आणि स्वतः मला आत घेऊन गेला. माझ्या आयुष्यात मला इतकं क्षुद्र कधी वाटलं नाही, आणि हे कुणामुळे वाटलं तर ज्याला मी गेला महिनाभर सरंजामी म्हणतोय त्याच्यामुळे.

मावशी चटईवर बसली होती. अर्धी विणलेली पूर्ण व्हायला आली आहे. तुइमाउगा बाहेर जाताच मी पिशवीतून अंक काढला. तिने पाहिला. बराच वेळ पाहिला.

"हे मला कशाला दाखवतोस?" म्हणाली. "मी तिथंच होते की."

बाहेर पावलं वाजली. तिने अंक चटकन मांडीखाली घेतला आणि त्यावर बसली, दोन दात दाखवत हसली. तुइमाउगा डोकावला, "काय आणलंय फालानिकोने?" ती म्हणाली, "चर्चच्या सोडतीचं पत्रक. त्याला म्हटलं, मी लागते कुठे जिंकायला." तो हसत गेला.

मग मला जेवण आलं. डुकराचं मांस, तारो, नारळाच्या दुधातली पानं, सगळं वेगळ्या ताटात, पाहुण्याला देतात तसं. मी लहानपणी याच घरात तिच्या ताटातलं उचलून खायचो. एक मुलगी मला पंख्याने वारा घालत बसली.

मी शेवटी विचारलं. लेखासाठी नाही, असं म्हणालो. नुसतंच. वादळाची, मासेमारीची, कसलीही गोष्ट.

"आता काही आठवत नाही रे," ती म्हणाली. "वय झालं."

तिला सगळं आठवतं. तिने विणताना एक पान चुकलं होतं ते ओळखून उसवलं, माझ्याशी बोलता बोलता. ती माझ्याशी खोटं बोलली, तेही प्रेमाने, आणि मी मान हलवली.

निघालो. बस यायला वेळ होता म्हणून रस्त्याकडेला उभा राहिलो. मागे घराच्या उघड्या पडवीत पोरं गोळा झाली आणि तिचा आवाज सुरू झाला. शब्द पोचत नव्हते, पण मी तो आवाज ओळखतो, गोष्ट सांगताना तिचा आवाज खाली येतो आणि पोरं "मग? मग?" करतात. मी ही गोष्ट कधी ऐकलेली नाही, हे मला चालीवरून कळलं. मी रस्ता ओलांडून परत दोन पावलं कुंपणाकडे गेलो.

आवाज थांबला. पोरंही थांबली. सगळी माझ्याकडे बघत होती, रागाने नाही, अनोळखी माणसाकडे बघतात तशी.

मी माझ्या जागी परत आलो. बस आली, मी चढलो. बस वळेपर्यंत खिडकीतून बघत होतो. मावशीने मान खाली घालून विणणं सुरू केलं होतं, आणि ती गप्प होती.